वाणीकडून लेखनाकडे : हेडसेट निवडताना

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी ज्येष्ठ वाचक-लेखकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. लेखिका गेली अनेक वर्षे पत्रकारितेत आहेत.)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'हेडसेट' आहे, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. या व्यासपीठावर ग्रंथांवर बोलायचे, ग्रंथकारांवर बोलायचे. कानाला लावायच्या यंत्रावर बोलायचे ते दुकानात. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. त्याचे कारण समोरच बसलेले आहे. या सभागृहात सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेली कितीतरी मंडळी आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या पेठांत शाळकरी वयात असलेले कोणी असतील. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात घर पडताना पाहिलेले कोणी असतील. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले किंवा त्या कामाची हजेरी घेतलेले कोणी असतील. हे सारे आपण आपल्या नातवंडांना सांगता. लिहीत मात्र नाही. का, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : "आता हात चालत नाही हो."

हात चालत नाही, ही सबब नव्हे. बोटांना कंप असतो, संधिवात असतो, मनगटातील नस दाबली जाऊन बोटे बधिर होतात. आमच्या व्यवसायात तर पन्नाशीच्या आतच ही दुखणी येऊ लागली आहेत. दिवसाकाठी आठ-आठ तास कळफलक बडवणाऱ्याचे मनगट किती वर्षे तक्रार करणार नाही? अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. पण हाताला विश्रांती म्हणजे लेखनालाही विश्रांती, असे समीकरण मांडण्याचे कारण आज उरलेले नाही. तोंडाने सांगावे आणि यंत्राने लिहून घ्यावे, ही सोय आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसली आहे.

आणि सांगून लिहिणे आपल्याला नवे थोडेच आहे? महाभारताची प्रसिद्ध कथा आपण सारे जाणतो. व्यासांनी सांगायचे आणि गणेशाने लिहायचे. मध्ये थांबायचे नाही ही गणेशाची अट, आणि अर्थ समजल्याविना लिहायचे नाही ही व्यासांची. नेवाशाला ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे यांचे नाव आपण आजही कृतज्ञतेने घेतो. लोकमान्य 'केसरी'चे लेख लेखनिकाला तोंडी सांगत; मात्र मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' त्यांनी स्वतःच्या हाताने, शिसपेन्सिलीने लिहिले. तिकडे इंग्लंडात मिल्टनने दृष्टी गेल्यानंतर आपले महाकाव्य इतरांकडून लिहून घेतले, ते १६६७ मध्ये छापले गेले. सांगून लिहिलेले लेखन दुय्यम असते असे ज्याला वाटते, त्याने ही नावे एकदा डोळ्यांखालून घालावीत.

आजच्या यंत्ररूपी लेखनिकाला गणेशाची अट मान्य आहे. तो कधी थकत नाही. व्यासांची अट मात्र त्याला पाळता येत नाही. मनुष्य लेखनिक अर्धवट ऐकू आलेला शब्द प्रसंगावरून ओळखतो, अडला तर "काय म्हणालात?" असे विचारतो. यंत्र विचारत नाही. आजूबाजूच्या शब्दांवरून ते अंदाज बांधते, आणि अंदाज चुकला तरी तितक्याच निःशंकपणे लिहून मोकळे होते. म्हणून त्याच्यापर्यंत आपला आवाज स्वच्छ पोहोचवणे ही जबाबदारी सर्वस्वी सांगणाऱ्यावर येते. हेडसेटचे महत्त्व येथे आहे.

थोडा इतिहास सांगते. सामान्य ग्राहकासाठी, इंग्रजीत सलग बोललेले टिपणारी 'ड्रॅगन' ही संगणकप्रणाली १९९७ मध्ये बाजारात आली. त्याआधीच्या प्रणालींत प्रत्येक शब्दानंतर क्षणभर थांबावे लागे. तसे बोलून कोण काय लिहिणार? या ड्रॅगनच्या खोक्यात पुढे अनेकदा एक हेडसेटही घालून दिलेला असे. आपल्या प्रणालीची अब्रू ग्राहकाच्या माईकवर अवलंबून आहे, हे निर्मात्यांना पुरेपूर ठाऊक होते. मराठीला यासाठी बरीच वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आवाजी टंकलेखनात मराठीसह आठ भारतीय भाषांची भर घातली. २०२२ साली केंद्र सरकारचा 'भाषिणी' हा उपक्रम सुरू झाला. आज मराठीत सांगून लिहिता येते, आणि बऱ्यापैकी लिहिता येते. तरीही माझ्या परिचयातील अनेकांनी आठ-पंधरा दिवस प्रयत्न करून ते सोडून दिले. "यंत्राला मराठी समजत नाही" असा त्यांचा निष्कर्ष. मी त्यांपैकी काहींच्या घरी जाऊन पाहिले. कोणी मोबाइल टेबलावर ठेवून खुर्चीत रेलून बोलत होते, डोक्यावर पंखा गरगरत होता. कोणी नातवाचा खेळाचा हेडसेट घातला होता आणि दर पाच मिनिटांनी तो काढून कान चोळत होते. दोष मराठीचा नव्हता, आणि यंत्राचाही फारसा नव्हता.

तेव्हा हेडसेट घेताना दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, माईक माझ्या तोंडापासून नेहमी एकाच अंतरावर राहील का? दुसरा, तासभर डोक्यावर असताना तो डोक्यावर आहे याचा मला विसर पडेल का? गाणे किती सुरेल वाजते, दिवे लागतात का, खोका किती झगमगीत आहे, या साऱ्याशी आपल्याला कर्तव्य नाही. लिहिताना आपण त्यातून बहुधा काही ऐकतही नाही! दुकानदार मात्र नेमके गाणे लावूनच दाखवतो.

यांपैकी दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण लोक त्याला चैन समजतात. ती चैन नाही. कान दुखू लागला की आपण हेडसेट सरकवतो. हेडसेट सरकला की माईक सरकतो. माईक सरकला की चुका वाढतात. चुका वाढल्या की विचारांचा धागा तुटतो. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी हेडसेट डोक्यावर चढवण्याचा कंटाळा येतो. लेखन बंद पडते ते असे.

वजनाकडे पाहा. कार्यालयात फोनवर बोलण्यासाठी असतो तसा एका कानाचा साधा हेडसेट शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरतो. संगणकावरच्या खेळांसाठी केलेले मोठे हेडसेट अडीचशे-साडेतीनशे ग्रॅमचे असतात. दुकानात दोन मिनिटांत हा फरक कळत नाही. अर्ध्या तासाने मान सांगते. दुसरी गोष्ट पकडीची. पट्टी डोक्याला घट्ट आवळणारी नको. ऐकताना जबडा स्थिर असतो, पण आपण तर बोलणार आहोत. बोलताना कानापुढचा सांधा सतत हलत राहतो आणि घट्ट पकड नेमकी त्याच्यावर येते. म्हणून घालून पाहताना गप्प उभे राहू नका. चार वाक्ये मोठ्याने बोला. दुकानातले लोक पाहतील, पाहू द्या.

चष्मा वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. कानावर दाबून बसणारी गादी चष्म्याच्या काडीला डोक्यावर दाबते आणि वीस मिनिटांत कानामागे ठणका लागतो. त्यांनी मऊ, जाड गादीचा आणि सैल पकडीचा हेडसेट घ्यावा, किंवा एकाच कानाचा घ्यावा; त्याच्या दुसऱ्या बाजूला कानाच्या वर टेकणारी छोटी पट्टी असते. बहुतेक हेडसेटमध्ये माईकची दांडी फिरवून तो डावीकडे वा उजवीकडे लावता येतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी यंत्र नसलेल्या कानाकडची बाजू निवडावी. दोन्ही कानांना यंत्र असेल तर संपूर्ण कान झाकणारी मोठी वाटी घालून पाहावी, आणि शिटी येते का ते दुकानातच तपासावे.

भगिनींसाठी दोन शब्द, कारण ही यंत्रे बनवणाऱ्यांनी आमचा विचार केलेला दिसत नाही. मानेमागून जाणारी पट्टी अंबाड्याला अडते. कानातल्या कुड्या गादीखाली दाबल्या जातात. लिहायला बसताना त्या काढून ठेवाव्यात. मंगळसूत्रावर वायर घासली तरी माईकमध्ये खरखर येते, म्हणून वायर पाठीकडून घ्यावी किंवा पदराला चिमट्याने अडकवावी. गोष्टी क्षुल्लक आहेत, पण चुलीपासून संगणकापर्यंत बायकांनी क्षुल्लक गोष्टी स्वतःच सोडवल्या आहेत.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. रेक्झिनची गादी दुकानात गुळगुळीत दिसते. एप्रिल-मे महिन्यांत तिच्याखाली घामाच्या धारा लागतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिचे पापुद्रे निघून काळा चुरा कानाला चिकटतो. कापडी किंवा जाळीदार गादी त्या मानाने पुष्कळ बरी. गादी निघते का आणि बदलून मिळते का, हेही विचारून घ्यावे. कानात खोचायची बोंडे काहींना चालतात, पण तासन् तास सांगायचे असेल तर मी त्यांची शिफारस करणार नाही. दोन्ही कान बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. मग माणूस नकळत आवाज दबका करतो किंवा उगाच चढवतो. एतिएन लोम्बार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ मध्येच दाखवून दिले होते, की कानांवर गोंगाट पडला की मनुष्य आपोआप मोठ्याने बोलू लागतो. आपल्या आवाजाचा लगाम आपल्या कानाच्या हाती असतो. म्हणूनच लेखनासाठी एक कान मोकळा ठेवणारा हेडसेट मला अधिक पसंत आहे. स्वतःचा आवाज नैसर्गिक ऐकू येतो आणि दाराची घंटाही.

आता माईक. लॅपटॉपमध्ये माईक असतो, मोबाइलमध्येही असतो, मग वेगळा कशाला? कारण अंतर. आवाजाचा उगम आणि माईक यांतील अंतर दुप्पट झाले की पोहोचणारा दाब साधारण निम्मा होतो. लॅपटॉप आपल्या तोंडापासून हात-दीड हात दूर. हेडसेटचा माईक दोन बोटांवर. पंख्याचा, रस्त्याचा, शेजारच्या दूरदर्शन संचाचा आवाज दोन्हीकडे सारखाच येतो, पण दोन बोटांवरच्या माईकपुढे आपला आवाज त्या साऱ्यांच्या कितीतरी वर असतो. शिवाय आपण मान वळवली तरी दांडीचा माईक आपल्याबरोबर वळतो.

हा माईक ओठांच्या अगदी समोर आणायचा नाही. ओठांच्या कोपऱ्याशी, किंचित खाली, गालापासून जरा सुटा ठेवायचा. आपल्या भाषेत महाप्राण व्यंजने भरपूर : ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ. ती उच्चारताना तोंडातून श्वासाचा झोत बाहेर पडतो. माईक समोर असला तर प्रत्येक 'फ' आणि 'भ' म्हणजे त्याच्यावर फुंकरच. फटकन आवाज होतो आणि पुढचा स्वर त्यात बुडतो. माईकवरची स्पंजाची टोपी हा झोत अडवते आणि पंख्याच्या वाऱ्यापासूनही वाचवते. काही रुपयांची ही वस्तू हरवली तर लगेच दुसरी आणावी.

आता ज्या एका शब्दाने ग्राहकांची सर्वाधिक फसगत होते, त्याविषयी. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते : 'नॉइज कॅन्सलिंग'. या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी विकल्या जातात. एक असते ऐकणाऱ्याच्या कानासाठी. बाहेरच्या आवाजाच्या उलट लहरी निर्माण करून ते यंत्र विमानाची किंवा गाडीची घरघर आपल्या कानापुरती शांत करते. यंत्राने काय लिहावे याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. दुसरी असते माईकची. अशा माईकला पुढून आणि मागून छिद्रे असतात. दूरचा आवाज दोन्हींकडून जवळजवळ सारखाच आत शिरतो आणि एकमेकांस मारतो. तोंडाजवळचा आवाज पुढून जोरात आणि मागून क्षीण शिरतो, म्हणून तो टिकतो. काही ठिकाणी हेच काम दोन माईक आणि आतले गणित मिळून करतात. आपल्याला हवी आहे ती ही दुसरी. माझ्या एका सहकाऱ्याने पहिल्या प्रकारच्या हेडसेटसाठी बरेच हजार मोजले. घरी आल्यावर त्यांना पंखा ऐकू येईना, यंत्राला मात्र पूर्वीइतकाच ऐकू येत होता. पॅकिंग फोडल्यामुळे दुकानदार परत घेईना. तेव्हा खरेदीपूर्वी स्पष्ट विचारा : हे शमन कानाचे की माईकचे? विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर दुसरे दुकान गाठा.

तारेचा घ्यावा की बिनतारी, हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. चालता-फिरता सांगण्याची ज्यांना सवय आहे त्यांना ब्लूटूथचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण त्यातील एक मेख समजून घ्या. बहुतेक ब्लूटूथ हेडसेटवर गाणे ऐकताना आवाज उत्तम असतो. माईक सुरू होताच ते टेलिफोनच्या जुन्या पद्धतीवर उतरतात. त्या पद्धतीत सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेतले जातात, म्हणून ४००० कंपनांच्या वरचे सारे गळून पडते. सुधारित पद्धतीत १६००० नमुने असतात, ती बरी. आता 'स' हे अक्षर घ्या. त्याचा सारा सीत्कार प्रामुख्याने त्या ४००० कंपनांच्या वरच असतो. टेलिफोनवर नाव सांगताना आपण "स, सदाशिवातला स" असे का म्हणत असू, याचा उलगडा येथे होतो. माणसाला सदाशिवाची साक्ष देता येते. यंत्राला कुठली देणार? शिवाय बिनतारी जोडणीत बोलायला सुरुवात करताना पहिला शब्द कधी कधी गिळला जातो, आणि ऐन रंगात आल्यावर बॅटरी संपते ती वेगळीच.

म्हणून घरी बसून लिहिणाऱ्याला माझा सल्ला तारेच्या हेडसेटचा, आणि त्यातही यूएसबी जोडणीच्या. गोल पिनेचा हेडसेट संगणकाच्या स्वतःच्या ध्वनियंत्रणेवर विसंबतो; ती जुन्या संगणकांत अनेकदा गुणगुणते. यूएसबी हेडसेट आवाजाचे अंकांत रूपांतर स्वतःच करतो आणि आयता माल संगणकाच्या हवाली करतो. मोबाइलसाठी योग्य टोकाचा किंवा जोडखुंटीचा पाहून घ्यावा. दीड ते तीन हजार रुपयांत उत्तम काम देणारा हेडसेट मिळतो. त्याहून अधिक पैसे द्यायचे असतील तर ते गादीच्या आणि पट्टीच्या दर्जासाठी द्यावेत. आणि ज्यांना डोक्यावर काहीच सहन होत नाही, त्यांनी कॉलरला लावायचा किंवा टेबलावर वाकत्या मानेचा माईक घ्यावा. मात्र मग खोली शांत हवी. पडदे, गादी आणि पुस्तकांची कपाटे असलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. आपल्यापैकी बहुतेकांकडे पुस्तकांची कपाटे आहेत, हा या छंदाचा एक अनपेक्षित लाभ!

हेडसेट घरी आणला, जोडला, आणि तरीही चुकाच चुका, अशी वेळ आली तर निराश होण्यापूर्वी एक तपासणी करा. संगणक कुठल्या माईककडून ऐकतो आहे? पुष्कळदा हेडसेट जोडलेला असतो, पण संगणक आपल्या जुन्याच अंगभूत माईकला कान लावून बसलेला असतो. ध्वनीच्या मांडणीत जाऊन हेडसेटचे नाव निवडावे लागते. ओळखायची सोपी युक्ती अशी : बोलता बोलता माईकच्या टोकावर नखाने हलकेच टिचकी मारा. पडद्यावरची आवाजाची पट्टी उसळली तर ठीक. नाही उसळली, तर लेखनिक दुसऱ्याच खोलीत बसला आहे.

नंतर एक परीक्षा घ्या. मी यासाठी एक वाक्य बनवले आहे : "सासवडच्या शाळेत शनिवारी भल्या पहाटे फणस फोडून खाल्ला." अर्थाकडे लक्ष देऊ नका, त्यात स आहे, श आहे, भ, फ, ख आहेत, ळ आणि ल आहेत. हे वाक्य दहा वेळा, सहज बोलतो तसे म्हणा. आधी ध्वनिमुद्रण करून ऐका. फटके ऐकू आले तर माईक बाजूला सारा. श्वास ऐकू आला तर किंचित खाली घ्या. आवाज क्षीण वाटला तर अर्धे बोट जवळ आणा. योग्य जागा सापडली की दांडी पुन्हा हलवू नका. मग यंत्राला लिहू द्या.

चांगल्या माईकनेही काही गोष्टी सुटत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 'दिन' आणि 'दीन' बोलण्यात सारखेच. कोणता लिहावा ते यंत्र संदर्भावरून ठरवते, आणि चुकते. गावांची, आडनावांची, देवस्थानांची नावे ते आपल्या ओळखीच्या एखाद्या शब्दात बसवून टाकते. बोलीतले शब्द सरळ करते. मालवणी किंवा वऱ्हाडी लहेजात सांगितलेली आठवण कोणा शहरी कारकुनाने लिहिल्यासारखी उमटते. मला स्वतःला याचे फार वाईट वाटते. विरामचिन्हे मराठीत बहुधा हातानेच घालावी लागतात. म्हणून सांगणे आणि सुधारणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत. सांगताना पडद्याकडे पाहूच नये. चूक दिसली की जीभ अडखळते, आणि अडखळलेल्या वाक्यात आणखी चुका होतात. पडदा झाका, खिडकीबाहेर पाहा, आणि समोर नातवंड बसले आहे असे समजून पूर्ण वाक्ये सांगा. यंत्राला सुटा शब्द ओळखणे कठीण जाते. पूर्ण वाक्यात शेजारचे शब्द त्याला आधार देतात. घसा जपावा. जवळ कोमट पाणी असावे, कुजबुजू नये, अर्ध्या तासाने थांबावे. एका बैठकीत दोन पाने झाली तरी पुष्कळ.

आणि एक सूचना विशेषतः घरातील तरुणांसाठी. आजोबा किंवा आजी सांगत असतील, तेव्हा दुसरा मोबाइल जवळ ठेवून त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रणही करा आणि ते मजकुरासोबत, त्याच नावाने व तारखेने जपून ठेवा. कोयनेकाठच्या ज्या वाडीचे नाव यंत्राने भलतेच लिहिले, ते खरे काय होते हे त्या आवाजात राहील. लिहून झालेली पाने दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवा. डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला लगेच कळते, आणि ऐकता ऐकता त्यांना आणखी चार गोष्टी आठवतात. तेव्हा हेडसेट हाताशी असू द्या. माणसांची नावे आली की थांबा, अक्षर अक्षर विचारा, आणि ती मात्र कागदावर पेनानेच उतरवून घ्या.